कॅनडाचा नकार, काकांचे पैसे आणि यूकेची फाईल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.एस्सी. केमिस्ट्री झाली. सध्या मकरपुऱ्यातल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, आहे. इंग्लंडमधल्या, पण लंडनबाहेरच्या एका विद्यापीठाची सप्टेंबरच्या एम.एस्सी.ची ऑफर हातात आहे. लागतात तेवढे पैसे तुमच्या खात्यात नाहीत. थोडी एफडी, थोडा पीपीएफ, काही म्युच्युअल फंड आहेत, आणि उरलेले धाकटे बंधू द्यायला तयार आहेत. एजंट म्हणतो, एवढी धावपळ कशाला, २८ दिवसांसाठी टक्क्यावर 'फंड' लावून देतो. वहिनींचं, म्हणजे मुलीच्या आईचं, नाव लग्नात बदललं, त्यामुळे कागद जुळत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी कॅनडाने अर्ज नाकारला होता आणि एजंटच्या मते ते यूकेच्या फॉर्ममध्ये लिहायची गरज नाही.

तुम्ही शेवटी लिहिलेलं मी आधी घेते, कारण फाईल बुडालीच तर तिथेच बुडेल. पैशाचा गुंता सुटण्यासारखा आहे. नावांचा त्याहून सोपा आहे. कॅनडाचा नकार लपवला तर मात्र नंतर कुणालाच काही करता येणार नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की आधी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होते, आणि नोकरी सोडल्यापासून दांडिया बाजारात बसून मुलांच्या फाईली तपासून देते. कुठल्याही विद्यापीठाचं कमिशन घेत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे अलकापुरी-फतेगंजमध्ये जे बोर्ड दिसतात त्यांतल्या बहुतेकांची मुख्य कमाई विद्यापीठाकडून येते, तुमच्याकडून नाही. त्यात बेकायदा काही नाही, आणि प्रामाणिक एजंटही आहेत. पण मूल कुठे जातं यावर सल्ला देणाऱ्याचं उत्पन्न ठरत असेल, तर त्याचा सल्ला ऐकताना ते लक्षात ठेवायचं.

तर कॅनडा. यूकेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये थेट विचारलेलं असतं की यूकेसकट कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारलाय का. 'हो' निवडलं की देश, तारीख आणि कारण लिहायला जागा येते. यूके, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश व्हिसाची माहिती एकमेकांकडून मागवतात, बोटांचे ठसेही ताडून बघतात. मुलीने कॅनडासाठी बायोमेट्रिक दिलं असेल, तर ही गोष्ट 'कुणाला कळणार' या सदरात मोडत नाही. नुसत्या नकारामुळे यूकेचा व्हिसा अडत नाही. लपवलेला नकार ही त्यांच्या नियमांत फसवणूक धरली जाते, आणि फसवणूक ठरली की दहा वर्षांची बंदी येऊ शकते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीसाठी दहा वर्षं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

शिवाय त्या काळातला कॅनडाचा नकार हा काही कपाळावरचा डाग नाही. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी राहण्याखाण्याच्या खर्चाची अट १०,००० डॉलरवरून थेट २०,६३५ वर नेली, त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा जाहीर केली, आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला एसडीएस ही विद्यार्थी अर्जांची जलद रांगच बंद करून टाकली. त्या दिवसांतली नकारपत्रं माझ्या टेबलावर बरीच आली, आणि बहुतेकांत तेच वाक्य होतं: मुक्काम संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची खात्री पटली नाही. तुमच्याकडच्या पत्रात काय लिहिलंय ते बघा आणि तेच कारण, त्यांच्याच शब्दांत, फॉर्ममध्ये उतरवा. त्याखाली एक-दोन ओळी पुरतात: त्यानंतर अमुक महिन्यापासून अमुक कंपनीत नोकरी करत आहे, आणि हा अभ्यासक्रम त्याच कामाशी निगडित आहे. सारवासारव नको, कॅनडावर टीका नको.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. कॅनडाचं पत्र तुमच्याकडे आहे का? बऱ्याच घरांत ते नसतंच, कारण फॉर्म भरताना एजंटने स्वतःचा ईमेल आणि पासवर्ड टाकलेला असतो. 'रिफ्यूज आलंय' एवढं फोनवर कळतं आणि विषय संपतो. पत्र आजच मागून घ्या. आणि यूकेच्या वेळी खातं मुलीच्या ईमेलवर, पासवर्ड मुलीकडे. फॉर्म कुणीही भरला तरी शेवटच्या पानावर 'ही माहिती खरी आहे' हे मुलगीच जाहीर करत असते. चूक एजंटची होती, हे नंतर सांगून उपयोग होत नाही.

आता फंड. ही पद्धत गुजरातेत काही नवी नाही, त्यामुळे तुम्हाला ती सर्रास वाटली तर आश्चर्य नाही. कुणीतरी तुमच्या खात्यात पंचवीस-तीस लाख टाकतो, महिनाभर ठेवतो, व्याज किंवा टक्का घेतो, आणि स्टेटमेंट निघालं की रक्कम परत. नियमात 'पैसे २८ दिवस खात्यात हवेत' असं लिहिलंय ना, मग झालं, असं लोकांना वाटतं. पण त्याच नियमात हेही आहे की पैसे खरोखर तुमचे, शिक्षणासाठी वापरता येण्यासारखे असले पाहिजेत.

ते स्टेटमेंट तपासणाऱ्याच्या टेबलावर कसं दिसतं ते सांगते. मार्चपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता, मग वीजबिल, एलआयसी, अधूनमधून एटीएम. शिल्लक चाळीस-पन्नास हजारांत फिरते. एप्रिलच्या एका दिवशी आरटीजीएसने अठ्ठावीस लाख जमा, पाठवणारा कुणी 'एंटरप्राइज'. त्या दिवसापासून पगार येतो-जातो, वीजबिल जातं, पण अठ्ठावीस लाखांतला एक रुपया हलत नाही, मुलीच्या फीसाठीसुद्धा नाही. वर्षाला सहा-सात लाखांचं आयकर रिटर्न भरणाऱ्या माणसाच्या खात्यात हे चित्र बघितल्यावर तुम्ही काय म्हणाल? तेच तो म्हणतो. शंका आली तर ते बँकेकडे थेट चौकशी करू शकतात, आणि तोवर रक्कम परत गेलेली असेल तर उत्तर काय येईल ते उघड आहे. समजा व्हिसा मिळालाच, तरी पुढचा प्रश्न उरतोच: तिथली उरलेली फी कोण भरणार?

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन की तुमच्या घरात पैसे आहेत, फक्त योग्य नावावर, योग्य स्वरूपात आणि पुरेशा आधीपासून नाहीत. हे तिन्ही जुळवायला वेळ लागतो, आणि ऑफर आत्ताच आली असेल तर वेळ आहे. मुदत ठेवीची तारीख, बंधूंची तयारी, बँकेचा वेग या गोष्टी घरागणिक बदलतात. त्यामुळे मी खाली सांगते तो क्रम जसाच्या तसा उचलू नका, आपल्या तारखा घालून बघा.

आकडा किती लागतो, आधी ते. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर राहण्याचा खर्च महिन्याला १,१७१ पौंड धरतात, लंडनमध्ये १,५२९. जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा दाखवायचा, म्हणजे तुमच्यासाठी १०,५३९ पौंड. त्यात पहिल्या वर्षाची जी फी बाकी आहे ती मिळवायची. तुम्ही फीचा आकडा दिलेला नाही, म्हणून समजा फी १९,००० आहे आणि ४,००० डिपॉझिट भरलंय. ते डिपॉझिट कॅस लेटरमध्ये, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या प्रवेशाच्या पत्रात, नोंदलेलं असलं पाहिजे, नसेल तर भरल्याची पावती सोबत लावावी लागते. बाकी १५,००० अधिक १०,५३९, म्हणजे २५,५३९ पौंड. पौंड १२० रुपयांना धरला तर साधारण पावणेएकतीस लाख. हिशोब अर्जाच्या दिवशीच्या दराने होतो, आणि अठ्ठावीस दिवसांत एका दिवसासाठी जरी शिल्लक आकड्याच्या खाली गेली तरी अर्ज पडतो. त्यामुळे मी नेहमी दीड-दोन लाख जास्त ठेवायला सांगते, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात. घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा. किराण्याच्या बिलापायी शिल्लक खाली गेली, असं खरंच होतं.

तारखांचा हिशोब लोक चुकवतात, म्हणून उदाहरण देते. स्टेटमेंटची शेवटची तारीख १० जुलै असेल तर पूर्ण रक्कम १३ जूनपासून १० जुलैपर्यंत रोज खात्यात दिसली पाहिजे. आणि त्या १० जुलैपासून ३१ दिवसांच्या आत, म्हणजे १० ऑगस्टपर्यंत, ऑनलाइन अर्ज भरून फी भरली गेली पाहिजे. बायोमेट्रिकची तारीख इथे धरत नाहीत.

पैसे कुणाच्या नावावर चालतात? मुलीच्या किंवा आईवडिलांच्या. काका, मामा, आजोबा चालत नाहीत, कितीही सख्खे असले तरी. इथेच बंधूंच्या खात्याचा प्रश्न निकालात निघतो: त्यांचं स्टेटमेंट लावून उपयोग नाही. दुकान किंवा फर्मच्या चालू खात्यातला पैसाही मी आधी वैयक्तिक खात्यात आणायला लावते. एफडी चालते, पण मोडता येण्यासारखी हवी. कर वाचवायला केलेली पाच वर्षांची एफडी मोडता येत नाही, म्हणून ती चालत नाही. ज्या एफडीवर तुम्ही कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट काढलाय तीही बाजूला ठेवा. पीपीएफ विसरा. म्युच्युअल फंड, शेअर, सोनं, जमीन यांतलं काहीही 'पैसे' म्हणून धरलं जात नाही. फंड विकायचे असतील तर २८ दिवस सुरू व्हायच्या बऱ्याच आधी विका, म्हणजे विक्रीची नोंद स्टेटमेंटमध्ये स्वच्छ दिसेल. चार्टर्ड अकाउंटंटकडून मालमत्तेचं मूल्यांकन करून जाडजूड फाईल बांधायची आपल्याकडे पद्धत आहे. यूकेच्या हिशोबात त्यावर एक पौंडही मिळत नाही, त्यामुळे त्यावर खर्च करू नका.

बंधूंचे पैसे आणायचा सरळ मार्ग म्हणजे त्यांनी तुम्हाला बक्षीस द्यावेत. सख्ख्या भावाकडून आलेल्या भेटीवर आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. व्यवहार बँकेतूनच, रोख अजिबात नाही. साधं गिफ्ट डीड करा: कोण, कुणाला, किती, कशासाठी. सोबत त्यांचं रिटर्न आणि ज्या खात्यातून पैसे निघाले त्याचं स्टेटमेंट, म्हणजे त्यांच्याकडे तरी कुठून आले हे दिसेल. एक अट मात्र माझी आहे. हे पैसे तुम्ही पुढे परत करणार असाल तर ते बक्षीस नव्हे, आणि मग गिफ्ट डीडवर सही करू नका. भावाभावांत तोंडी ठरलेलं 'बघू नंतर' कागदावर वेगळं दिसलं की घरात कायकाय होतं, ते आपण सगळ्यांनीच बघितलंय.

परतफेड करायचीच असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज अधिक स्वच्छ, आणि माझा कल तुमच्या बाबतीत तिकडेच आहे. एक तर मान्यताप्राप्त बँकेचं कर्ज मुलीच्या नावावर मंजूर झालं की त्या रकमेला २८ दिवसांची अट लागत नाही. मंजुरीपत्र अर्जाच्या तारखेच्या सहा महिन्यांच्या आतलं हवं. त्यात मुलीचं नाव, रक्कम, आणि पैसे प्रवासापूर्वी मिळतील किंवा थेट विद्यापीठाला जातील, हे स्पष्ट हवं. बँकेचा ठरीव नमुना असतो, त्यात हे वाक्य बऱ्याचदा नसतं. मॅनेजरला बसून ते घालायला लावा, लाजू नका. बँकेत असताना मीही सांगितल्याशिवाय घालत नसे, कारण कुणी मागितलंच नाही तर नमुना बदलायचा कशाला.

सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं, आणि परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला स्वतःचा वाटा, आपलं असतं. तारणाचं म्हणाल तर बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांची एक नेहमीची अडचण असते. रावपुऱ्यात किंवा वाडीत वाडा आहे, किंमत भरपूर आहे, पण प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव. चार चुलते, दोन आत्या, त्यांतली एक पुण्याला, एक अमेरिकेत. वारसांची नावं चढवून, सगळ्यांच्या सह्या घेऊन टायटल स्वच्छ करायला एखादा उन्हाळा पुरत नाही. तुमचं घर असं असेल तर ते या वर्षीच्या फाईलमधून वगळाच. वाघोडिया रोड-मांजलपूरकडचा स्वतःच्या नावावरचा फ्लॅट असेल तर काम सोपं. तारण नको असेल तर खासगी वित्तसंस्था देतात, पण व्याज चढं असतं. त्या पर्यायात मंजुरीपत्र यूकेच्या नियमात बसतं का, ते आधी विद्यापीठाला विचारून घ्या.

कर्जाचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही.

कर्ज घेण्याआधी मुलीला समोर बसवून एक हिशोब मात्र करा. शिकून झाल्यावर तिथे राहून काम करायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो अठरा महिन्यांचा मिळेल. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड झाली. नवख्यांना सवलत आहे, तरी लॅबमधल्या सुरुवातीच्या पगारावर हे सहज जमेल असं धरून चालू नका. शिकताना आठवड्याला वीस तासांचं काम करता येतं. त्यातून खायचा-प्यायचा खर्च थोडाफार निघतो, हप्ता निघत नाही. बडोद्यात परत येऊन हप्ता फेडता येईल का, हा आकडा आधी काढा. तो जमत असेल तर निर्धास्त जा.

नावांकडे येते. तुमची अर्धी काळजी इथेच संपेल. पैसे तुमच्या खात्यात असतील तर मुलीच्या जन्मदाखल्यावर तुमचं नाव असणं पुरेसं आहे. वहिनींचं खातं फाईलमध्ये लावूच नका, म्हणजे त्यांच्या दोन नावांचा प्रश्नच उद्भवत नाही. लावावंच लागलं तर अडचण खरी आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव आपल्याला पुरतं, पण लंडनच्या टेबलावर जन्मदाखल्यातली सुलभा आणि बँकेतली स्वाती या दोन बायका असतात. तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं असलेला एखादा सरकारी कागद, एवढं जमवावं लागतं.

तुमच्या स्वतःच्या नावाकडे मात्र नीट बघा. गुजरातेतल्या नोंदींमध्ये कारकुनाने सवयीने 'भाई' लावलेलं असतं. बँकेत संजय, जन्मदाखल्यावर संजयभाई, मुलीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग तुमचं. पासपोर्टवर तिसराच क्रम. नुसता क्रम उलटा असेल तर चिंता नको. 'भाई' आणि स्पेलिंगमधला फरक यासाठी 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. जन्मदाखला फक्त गुजरातीत असेल तर महापालिकेतून इंग्रजी मजकुराचा नवा काढा. ते वेळेत जमत नसेल तर प्रमाणित भाषांतर लावा, ज्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं विधान हवं. सोबत तुमचं संमतिपत्र: मी वडील, हे पैसे मुलीच्या शिक्षणासाठी वापरायला माझी परवानगी आहे. हा साधा एक पानाचा कागद विसरून आलेल्या फाईली मी बघते तेव्हा चिडचिड होते, कारण बाकी सगळं चोख असतं.

आता इंटरव्ह्यू. यूकेत तो दोन टप्प्यांवर होऊ शकतो. कॅस देण्याआधी विद्यापीठ स्वतः व्हिडिओवर बोलतं, आणि नंतर व्हिसा विभागही बोलावू शकतो. विद्यापीठं हल्ली कसून विचारतात, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांना नकार वाढले की त्यांच्या परदेशी विद्यार्थी घेण्याच्या परवान्यावर बेतते. तुम्ही विचारलंय की काय बोलायचं याची तयारी करून घेऊ का. तयारी करा, पाठांतर नको. 'वर्ल्ड क्लास एज्युकेशन', 'मल्टिकल्चरल एन्व्हायर्नमेंट' ही वाक्यं मी एसओपीतून, म्हणजे हा कोर्स का हे सांगणाऱ्या निवेदनातून, सरळ खोडायला लावते. ती ऐकून समोरच्याला मुलीबद्दल काहीही कळत नाही.

तुमच्या मुलीकडे सांगण्यासारखं खरं काहीतरी आहे, आणि तुम्ही ते प्रश्नात एका ओळीत उरकलंत. ती क्यूसीला आहे, म्हणजे एचपीएलसी हे औषधातले घटक मोजायचं यंत्र चालवत असणार, नमुने तपासत असणार, नोंदी करत असणार. तिला विचारा, रोजच्या कामात कुठे अडतेस? बहुधा उत्तर येईल की ठरलेली पद्धत वापरून तपासणी करता येते, पण नवी पद्धत बसवायची असेल तर वरिष्ठांकडे जावं लागतं. हेच ती तिकडे शिकायला जाते आहे, असं तिने अभ्यासक्रमातल्या दोन विषयांची नावं घेऊन सांगितलं की झालं. 'हेच भारतात का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. 'इथे चांगली सोय नाही' असं म्हणू नये, ते खोटंही आहे. माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था सगळ्यांना माहीत आहे. एक वर्षाचा कोर्स, विशिष्ट प्रयोगशाळा, प्रकल्पाचा विषय, नोकरीतून कमी काळ बाहेर राहणं, यांतलं जे तिच्या बाबतीत खरं असेल ते तिने सांगावं. विद्यापीठ कोणत्या गावात आहे, खोलीचं भाडं किती, फी किती, पैसे कुणाचे, हे तिला तोंडावर हवं. वडिलांना विचारून सांगते, हे उत्तर तिथे चालत नाही.

तुम्ही लिहिलंय की एजंटने याऐवजी 'इंटरनॅशनल बिझनेस मॅनेजमेंट'ची दुसरी ऑफर सुचवली आहे, प्रवेश लवकर मिळतो म्हणून. माझं मत स्पष्ट आहे: नको. केमिस्ट्री, क्यूसी आणि मग ॲनालिटिकल केमिस्ट्री ही एक सरळ रेषा आहे. मध्येच मॅनेजमेंट आणलं की का, हे समजावत बसावं लागेल, आणि कॅनडाच्या नकारानंतर आणखी एक 'का' नको.

नातेवाईक सांगतील की परत येणार असं ठासून सांग, घराचे कागद दाखव. तो सल्ला मुख्यतः अमेरिकेचा. तिथे कलम २१४(बी) खाली परत येण्याचा इरादा अर्जदारालाच पटवून द्यावा लागतो. परतीची हमी आपल्या गावाने तर फार आधी लेखी घेतली आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवताना बडोदे संस्थानाने परतल्यावर दहा वर्षं नोकरीचा करार करून घेतला होता. यूके असं काही मागत नाही. तिथे भर ती खरोखर शिकायला येते आहे का, यावर असतो. पुढे काय करणार असं विचारलं तर तिने खरं ते सांगावं. ग्रॅज्युएट व्हिसाचा विचार आहे, हे म्हणणं गुन्हा नाही.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. टीबीची तपासणी त्यांच्या यादीतल्या क्लिनिकमध्येच, नेहमीच्या लॅबचा एक्सरे चालत नाही. दाखला सहा महिने चालतो. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, एक वर्षाच्या मास्टर्सला साधारण १,१६४ पडतो. व्हिसा फी एप्रिल २०२५ मध्ये ५२४ झाली. ही फी आणि अधिभार दाखवायच्या रकमेत धरू नका, ते वेगळे भरायचे असतात. फी दरवर्षी एप्रिलच्या आसपास हलते, त्यामुळे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच आकडा बघा. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, व्हिसा फी मिळत नाही. विद्यापीठाचं डिपॉझिट परत मिळतं का, ते ऑफर लेटरच्या अटींत असतं. फसवणुकीमुळे नकार आला तर बहुतेक ठिकाणी ते बुडतं, हेही त्याच पानावर वाचायला मिळेल. बायोमेट्रिकला अहमदाबादला जावं लागेल. शक्यतो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाका, नंतर गर्दी होते.

एजंटशी भांडण काढायची गरज नाही. फंड नको, कॅनडाचा नकार फॉर्ममध्ये लिहायचा आहे आणि लॉगिन मुलीकडे राहील, एवढं त्याला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, म्हणजे लेखी राहील. तो कबूल झाला तर काम चालू ठेवा. 'मग फाईल होणार नाही' म्हणाला, तर मूळ कागद आणि ऑफर लेटरच्या प्रती घेऊन या. विद्यापीठाशी थेट पत्रव्यवहार करता येतो, आणि मुलीने ईमेल केला तर ते उत्तर देतात.

मला तीन गोष्टी कळवा: फीचा नेमका आकडा, भरलेलं डिपॉझिट आणि एफडीच्या मुदतीच्या तारखा. एखादी एफडी जून-जुलैत पिकत असेल तर ती मोडून व्याज घालवण्यापेक्षा कर्जाची रक्कम थोडी वाढवून घेणं स्वस्त पडू शकतं. ते आकडे बघूनच सांगता येईल.